फक्कीची घरं

हिंगणघाट तालुक्यात कबड्डीचे सामने ठरले की आयोजक आधी गुलाबभाऊ नगराळेंची तारीख घेतात, मग पंचांची. पंच उशिरा आले तरी निभतं, मैदानच आखलेलं नसलं तर काही निभत नाही. चार लोखंडी खुंट्या, बारा गाठींची सुतळी आणि बुडाला भोकं पाडलेला डालड्याचा जुना डबा एवढं सामान सायकलला बांधून ते निघतात. डब्यात फक्की असते, म्हणजे कोरड्या चुन्याची भुकटी. गिरडच्या टेकडीखालचं मैदान त्यांनी आखलं आहे, आंजीचं आखलं आहे, पार नाचणगावलाही ते एकदा एसटीच्या टपावर सायकल टाकून गेले होते. डबा हलवत ते मागे मागे चालतात आणि त्यांच्यासमोर पांढरी रेघ उमटत जाते. कोपऱ्यावर आले की सुतळीच्या तीन गाठी एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला आणि पाच तिरप्या धरतात. कोपरा नीट बसला की स्वतःशीच मान हलवतात.

त्यांचं वय एकसष्ट. गिरणी चालू होती तेव्हा ते तिथं बदली कामगार होते. कायम नोकरी होती ती त्यांच्या बायकोची. सुलोचनाबाई सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या, म्हणून चाळीतली खोलीही त्यांच्याच नावावर. गिरणी बंद झाली, यंत्रं भंगारात गेली, चाळ तेवढी राहिली. समोरासमोर दोन रांगा, मध्ये बारा फुटांची गल्ली, एकूण अठ्ठेचाळीस खोल्या. चाळीतली मुलं नागपूरला गेली, पुण्याला गेली. राहिलेली माणसं टोकाच्या सार्वजनिक संडासापुढे डबा घेऊन रांगेत उभी राहत आली. सुलोचनाबाईंचे गुडघे दोन वर्षांपासून उकिडवं बसू देत नाहीत. त्या संडासापर्यंतचं अंतर गुलाबभाऊंनी पावलांनी मोजलेलं आहे. विचारलं तर सांगतात, एकशे चाळीस.

आणि डिसेंबरात बातमी आली. सरकारची नवी योजना, मुंबई-पुण्याची नव्हे, आपल्यासारख्या मधल्या शहरांची. बंद गिरणीच्या जागेवर घरं, घरांखाली बाजाराचे गाळे, स्टेशनपर्यंत रुंद रस्ता. इथून निघून गेलेल्यांना परत यावंसं वाटेल आणि राहिलेल्यांना जावंसं वाटणार नाही, अशी वस्ती. चाळकऱ्यांना जुन्या खोलीच्या बदल्यात नवं घर मिळणार होतं, आत संडास, आत नळ. अट एकच. अठ्ठेचाळीसपैकी चौतीस खोल्यांची लेखी संमती हवी, फेब्रुवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. नाही जमलं, तर ही चाळ पहिल्या यादीतून गळणार. दुसरी यादी कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

चाळीच्या समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव हे गिरणीच्या टाइम ऑफिसातले जुने कारकून. नकाशांची फाइल त्यांच्याकडे होती. त्यातला एका घराचा नकाशा त्यांनी आपल्या दाराशेजारी चिकटवला. लोक येत, नाक लावून बघत, मान डोलावत आणि सही न करता जात. शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा सह्या बावीसच होत्या, आणि त्यात सुलोचनाबाईंची नव्हती.

"मॅट्रिक पास बाई तू," गुलाबभाऊ रविवारी जेवताना म्हणाले. "तुले नकाशा समजत नाई काय?"

"समजते."

"मंग अडलं काऊन?"

"त्या कागदात मले उभं राह्यता येत नाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुमी म्हणता इथं चूल, इथं मोरी. माह्या बोटाएवढी मोरी आहे ते. कोणाच्या सांगण्यावरून आपलं घर सोडाचं?"

गुलाबभाऊंनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग ताटावरून उठले, हात धुतला आणि खुंट्या शोधू लागले.

सोमवारी सकाळी ते गिरणीच्या मोकळ्या मैदानावर होते. मोजणी झाल्यापासून फाटक उघडंच होतं. नकाशातली मापं त्यांनी वहीच्या पानावर उतरवून आणली होती. वीस फूट लांब, सोळा फूट रुंद. काँग्रेस गवत उपटून त्यांनी जागा साफ केली, सुतळी ताणली आणि रेघ धरली. बाहेरच्या भिंती, आतल्या भिंती, खिडकीच्या जागी तुटक रेघ, दाराच्या जागी फट. दोन तासांत जमिनीवर एक घर उभं राहिलं, आडवंच, पण खऱ्या मापाचं.

सुलोचनाबाई आल्या त्या गुडघ्यावर हात ठेवत. रेघेपाशी थबकल्या. गुलाबभाऊ म्हणाले, "दारातून ये."

त्या वळसा घालून दाराच्या फटीतून आत गेल्या. मधोमध उभ्या राहिल्या. चार पावलं खिडकीकडे, चार परत. स्वयंपाकाच्या जागेत जाऊन त्यांनी हात लांबवला, कुकर उतरवल्यासारखा.

"कपाट कुठं?"

"त्या कोपऱ्यात."

"दार उघडल्यावर पलंगाले लागन."

"मंग ह्या कोपऱ्यात."

"हे काय?"

"संडास," गुलाबभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज जरासा चढला. "पलंगापासून सहा पावलं. मोजून पाह्य."

त्यांनी मोजली. त्यांची सात भरली. परत एकदा मोजली. मग दारात येऊन उभ्या राहिल्या आणि समोरच्या उघड्या मैदानाकडे बघत म्हणाल्या, "समोर कोण आहे?"

समोर कोण, हा त्या चाळीतला साधा प्रश्न नाही. सुलोचनाबाईंच्या दारासमोर चौतीस वर्षं शकुबाईंचं दार आहे. सुलोचनाबाई रात्रपाळीला असत तेव्हा त्यांची तान्ही पोर शकुबाईंच्या नजरेखाली झोपलेली असे, दोन्ही दारं उघडी टाकून. एका सकाळी, गुलाबभाऊ बाहेरगावी असताना, सुलोचनाबाईंचं दार सातपर्यंत उघडलं नाही, तर शकुबाईंनी कडी वाजवलीच नाही, सरळ शेजारच्या दोघा पुरुषांना बोलावून दार उचकटलं. आत त्या तापानं बेशुद्ध पडल्या होत्या. दोघी एकमेकींच्या घरी फारशा बसत नाहीत. आपापल्या उंबऱ्यावर बसून गल्लीवरून बोलतात. भाजी निवडता निवडता, आवाज न चढवता.

"समोर शकुबाई," गुलाबभाऊ म्हणाले, आणि लगेच खुंट्या उपटून पलीकडे गेले. मध्ये बारा फूट सोडून त्यांनी समोर दुसरं घर आखलं, पहिल्याच्या दारासमोर दार.

दुपारी शकुबाई आल्या आणि आपल्या घरात फतकल मारून बसल्या. "माहं घर तुह्यापेक्षा मोठं दिसून राह्यलं," त्या समोर बघून म्हणाल्या.

"तुह्यात सामान कमी आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मंगळवारी चाळ लोटली. माझं कुठं, माझं आख ना, असं जो तो म्हणू लागला. हार्डवेअरवाल्या भैयाजींनी चुन्याची गोणी पाठवली आणि मागून स्वतःही आले. नव्या घरांना नळ, कड्या, बिजागऱ्या लागणार होत्या, त्यांना घाई होती. गुलाबभाऊ घरामागून घर आखत गेले. समोरासमोर दोन रांगा, मध्ये बारा फूट. कुणी खाट आणून आत टाकली, कुणी शिलाई मशीन. एका घरात कुकरची शिट्टीही झाली. भिंत कुणी ओलांडत नव्हतं. एकानं घाईत ओलांडली तर चहूकडून ओरड झाली, "आउट, आउट," आणि त्याला परत जाऊन दारातून यावं लागलं.

"चार माणसं, वरून सुनेचं येणं-जाणं," एक जण कुरकुरला. "एवढ्याशात कसं मावतीन?"

"कबड्डीच्या मैदानाचा चवथा हिस्सा आहे हा," गुलाबभाऊ म्हणाले. "अर्ध्या मैदानात सात गडी धावतात. तुमाले तर बसाचंच आहे."

प्रभाकरराव फाइल काखेत मारून घराघरांतून फिरत होते आणि लोक खाटेवर बसल्या बसल्या सही करत होते. बुधवारी दुपारी सुलोचनाबाईंनी पेन मागितलं. त्यांच्या सहीचा आकडा होता एकेचाळीस. गुलाबभाऊंनी तो दिवसभर भेटेल त्याला सांगितला. हिंगणघाटच्या बाजारात त्या संध्याकाळी बोलणं एकच होतं, गिरणीच्या जागेवर घरं बसली म्हणून.

गुरुवारी सकाळी नगरपरिषदेच्या अभियंता नंदिनी मॅडम कागद न्यायला आल्या. वय अठ्ठावीस-एकोणतीस, वर्ध्याच्या. स्कूटी फाटकाशी लावली आणि मैदान पाहून हेल्मेट काढायचं विसरल्या.

"काका, हे तुम्ही एकट्यानं केलं?"

"सुतळी धराले लोक होते."

त्या एका घरात शिरल्या, टेप लावून बघितली. "इंचाचा फरक नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग गल्लीत आल्या, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. प्रभाकररावांकडून फाइल घेऊन त्यांनी तिसरं पान काढलं.

"काका, ही दारं समोरासमोर कशी?"

गुलाबभाऊंना प्रश्नच कळला नाही. "दार समोरासमोरच असते ना."

"नकाशात तशी नाहीत. हे बघा. दोन इमारती आहेत. दोघींचं तोंड रस्त्याकडे. पहिल्या इमारतीची दारं रस्त्याच्या बाजूला, दुसरीची दारं पहिलीच्या पाठीकडे. एका घराचं माप बरोबर आहे तुमचं. पण रांगा तुम्ही मनानं मांडल्या."

तिसरं पान गुलाबभाऊंनी पाहिलंच नव्हतं. मागितलंही नव्हतं. दारासमोर दार नसलेलं घर त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तसं काही तपासायचं असतं हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या हातातला डबा तिरपा झाला आणि थोडी फक्की चपलेवर सांडली.

प्रभाकररावांनी त्यांना बाजूला घेतलं. "सह्या झाल्या आहेत. एकेचाळीस. नकाशाले सह्या आहेत, तुह्या चुन्याले नाई. गप राह्य."

"लोकं चुना पाहून सह्या करून राह्यले होते, प्रभाकरराव."

"घर भेटून राह्यलं ना त्याईले? संडास आत आहे ना? मंग?"

गुलाबभाऊंनी मान वळवून पाहिलं. सुलोचनाबाई पलीकडे आपल्या आखलेल्या दारात बसून लसूण सोलत होत्या. गुलाबभाऊंना नवं घर हवं होतं, आणि ते सुलोचनाबाईंसाठीच हवं होतं. गप्प बसून हा कागद नगरपरिषदेत जाऊ दिला असता, तर दोन-तीन वर्षांत त्या सात पावलांत संडासात पोचल्या असत्या.

"रेघ चुकली तर सामना पुन्हा खेळवाचा असते," ते म्हणाले. "मैदान मी आखलं आहे."

त्यांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना सांगितलं. लांबवलं नाही. दारं समोरासमोर नाहीत, चूक माझी, ज्याला सही परत घ्यायची त्यानं घ्यावी.

एकदम सगळेच बोलू लागले. "तीन दिवस खोट्या घरात बसवलं का बे आमाले?" "आता उद्याच्या उद्या कसं होईन?" "घरच आखता येत नाई, मैदान काय आखत असन." हे शेवटचं त्यांना लागलं, चेहऱ्यावर दिसलं.

सुलोचनाबाई लसणाचं ताट बाजूला ठेवून उठल्या. "माही सही वापस द्या," त्या प्रभाकररावांना म्हणाल्या.

"घ्या," प्रभाकरराव म्हणाले. "पह्यली सही वापस, ते बी गुलाबच्याच घरची."

त्यांच्यामागं तेरा जणांनी कागद परत घेतले. उरल्या सत्तावीस.

घरी जाताना गुलाबभाऊ म्हणाले, "रागावली का?"

"सांगितलं नसतं तर रागावली असती," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पण मी सही नाई करणार. माहे गुडघे एक दिवस जातीनच, संडास आत असो का बाहेर. पडली तर पाह्यन कोण?"

शुक्रवारी उजाडायच्या सुमारास गुलाबभाऊ मैदानावर आले, केरसुणीनं सगळ्या रेघा झाडून टाकल्या आणि तिसरं पान समोर ठेवून पुन्हा सुरुवात केली. या वेळी सगळी घरं नाही, दोन इमारतींतली दोन-दोनच. पहिलीचं तोंड रस्त्याकडे. मग वीस फुटांची मोकळी जागा, हवेसाठी. मग दुसरी. नऊ वाजता नंदिनी मॅडम आल्या. त्यांना आज यायची गरज नव्हती, कागद कुणी नेऊन दिले असते तरी चाललं असतं. पण आल्या. लोकही आले, कालच्यापेक्षा गप्प.

सुलोचनाबाई पहिल्या इमारतीतल्या दारात उभ्या राहिल्या. समोर रस्ता, पलीकडे पेट्रोल पंप. शकुबाई दुसऱ्या इमारतीतल्या दारात उभ्या राहिल्या.

"सुलोचना," त्या मागून ओरडल्या, "मले काय दिसून राह्यलं सांगू का?"

"काय?"

"तुह्या मोरीची खिडकी. आता रोज पाह्यटी उठून मी तुह्या मोरीले रामराम करीन."

दोन-तीन बायका हसल्या.

"अवो गुलाबभाऊ," शकुबाई म्हणाल्या, "हे घर उचलून फिरवता येत नाई का? फक्कीचंच तर आहे. गोधडी वाळत घालताना एक बाजू झाली का आपण उलटवतो."

नंदिनी मॅडमही हसल्या. मग त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी तिसरं पान जमिनीवर पसरलं, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि उकिडव्या बसून बघत राहिल्या. पहिल्या इमारतीवर त्यांनी वहीचा कागद ठेवला, तिची बाहेरची रेघ आणि दारं गिरवली, तो कागद अर्धा गोल फिरवला आणि परत तिथंच ठेवला. नेमका बसला. दारं आता दुसऱ्या इमारतीच्या दारांसमोर आली होती. मध्ये वीस फूट.

"काका," त्या म्हणाल्या, "खुंट्या काढा."

गुलाबभाऊंनी किती घाईनं खुंट्या उपटल्या, ते त्या दिवशी तिथं असलेले लोक अजून सांगतात. अर्ध्या तासात पहिल्या इमारतीची दोन घरं फिरली. दरम्यान नंदिनी मॅडम फोनवर होत्या. नकाशा काढणाऱ्या माणसाशी बोलत असाव्यात. त्यांचं "हो सर, पण," एवढंच वारंवार ऐकू येत होतं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं, असं केलं तर इमारतीची पाठ रस्त्याकडे येते. सांडपाण्याचे पाइप रस्त्यावरून दिसतील."

"घर कोणाले दाखवाचं आहे?" सुलोचनाबाई म्हणाल्या. त्या मॅडमशी पहिल्यांदाच बोलत होत्या. "रस्त्यानं जाणाऱ्याले का राह्यणाऱ्याले?"

नंदिनी मॅडम पुन्हा तिसऱ्या पानावर वाकल्या. "पाइपांना जाळी लावता येईल," त्या म्हणाल्या. "ऐका. वरच्या साहेबांचा शब्द मी देऊ शकत नाही. पण संमती अटीवर देता येते. कागदावर लिहा, की इमारत फिरवली तर आमची संमती, नाही फिरवली तर ही संमती रद्द. असे चौतीस कागद गेले, तर तुमची चाळ यादीत राहते आणि अट त्यांना वाचावीच लागते. नुसतं माझ्या तोंडून सांगितलं तर कुणी वाचणार नाही."

प्रभाकररावांनी लिहायला घेतलं. अक्षर त्यांचं टाइम ऑफिसातलं, ठसठशीत. एक मजकूर झाला, भैयाजींच्या दुकानाशेजारून त्याच्या प्रती झाल्या. बारा वाजता सह्या पुन्हा सुरू झाल्या. दोन वाजता तेहेतीस होत्या. बाकीचे कामावर गेलेले, बाहेरगावी गेलेले, किंवा सुलोचनाबाई काय करतात ते बघत थांबलेले.

सुलोचनाबाई फिरवलेल्या घराच्या दारात उभ्या होत्या. "गल्ली बाराची आहे," त्या म्हणाल्या. "हे वीस आहे."

"आठच फूट वाढले," गुलाबभाऊ म्हणाले.

"माहा आवाज आठ फूट वाढला नाई."

कुणीतरी म्हणालं, मोबाइल आहे ना. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. गुलाबभाऊंनी घड्याळ पाहिलं. मग शकुबाईंकडे पाहिलं. शकुबाईंना सांगायला लागलं नाही, त्या आपल्या दारात खाली बसल्या, पाय लांब केले. सुलोचनाबाई भिंतीचा आधार नसल्यामुळे गुलाबभाऊंच्या खांद्याला धरून आपल्या उंबऱ्यावर बसल्या. मैदानात जमलेली माणसं गप्प झाली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो जाऊ दिला.

सुलोचनाबाई रोजच्या आवाजात, समोर न बघता, गवताची काडी मोडत म्हणाल्या, "आमच्या ह्याईले आज सकायपासून कोणी चहा बी विचारला नाई वो. तोंड पाह्य कसं उतरलं."

वीस फुटांवर शकुबाईंनी पदर सावरला. "उतरू दे," त्या तितक्याच सावकाश म्हणाल्या. "पण जरा हळू बोल, ते बी ऐकून राह्यले."

आधी हसले ते गुलाबभाऊ. मग सगळं मैदान हसलं. सुलोचनाबाईंनी हात पुढे केला. "आणा इकडे पेन," त्या म्हणाल्या, आणि मांडीवर फाइल ठेवून पूर्ण नावानिशी सही केली.

चार वाजता नंदिनी मॅडमनी एकोणचाळीस कागद फाइलला लावले, फाइल डिकीत ठेवली आणि स्कूटी फाटकाबाहेर पडली. धूळ खाली बसायच्या आत बायकांमध्ये मजल्यावरून वाद पेटला. शकुबाई म्हणत होत्या तिसरा, वारा लागतो.

"तळमजला," सुलोचनाबाई म्हणाल्या. "माहे गुडघे कोण चढवीन?"

"मंग मी बी तळमजला," शकुबाई म्हणाल्या. "पण वाऱ्याचं तू पाह्यजो."

गुलाबभाऊ खुंट्या गोळा करत होते. प्रभाकररावांनी चहाचा ग्लास त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "तिसऱ्या मजल्यावरून खालच्याचं ऐकू येईन का रे? वरच्या लोकाईनं विचारलं आहे."

गुलाबभाऊंनी गिरणीच्या जुन्या गोदामाच्या छपराकडे मान वर करून पाहिलं, आणि ग्लास खाली ठेवून शिडी कुणाकडे मिळेल ते विचारू लागले.